दुसरी लिस्ट

खळीकर सरांनी पोस्टकार्ड दोन बोटांच्या टोकांत धरलं आणि पाहुण्यांना वाचून दाखवलं.

"सप्रेम जयभीम. पत्रास कारण की, दुसरं पान छापाया घेतलं की मशीन अर्ध्यातच थांबायलंय."

एवढं वाचून ते थांबले. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, हा प्रिंटरचा प्रश्न आहे की मोर्चाचं निवेदन?"

सगळे हसले. पुण्याचे पाहुणे हसले. औरंगाबादहून आलेले दोन प्राध्यापक हसले. एकाचा चहा बशीत सांडला. मी भिंतीजवळ, संगणकाशेजारी उभा होतो. मीही हसलो.

मोठ्यानं नाही. ओठ हलले, एवढंच. पण हलले.

कार्ड बोरीच्या एका बाईचं होतं. सुमनबाई. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. पण पहिले दोन शब्द माझ्या घरातले होते. आमच्या दारात कुणी आलं की बाप हेच म्हणायचा, कुणी निघालं की हेच. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणून हसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कसा हसतो ते बघायला.

मला काही वाटलं नाही. खरं सांगतो. वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि परभणीतल्या एका सरकारी संस्थेच्या संगणक कक्षात सहायक होतो. राखीव जागेवर. रुजू झालो त्या दिवशी कक्षाचे प्रमुख खळीकर सर हसत म्हणाले होते, "चला, आमचाही कोटा पूर्ण झाला." त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. आवाज चढवला नाही. चहा सगळ्यांच्या बरोबरीनं दिला. त्यांच्याबद्दल तक्रार करायला माझ्याकडे शब्द नव्हते. असं वागवण्याला काय म्हणतात ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

संगणकावर मराठी टाइप करायचा एक प्रोग्राम तेव्हा निघाला होता. फुकट. नुसता फुकट नव्हे, त्याच्या आतला कोडसुद्धा फ्लॉपीत सोबत दिलेला. ज्याला कळेल त्यानं उघडून बघावा, सुधारावा, पुढच्याला द्यावा. ज्याला मिळाला त्याला तो वाटायचा हक्क होता, तसं पहिल्याच फाइलीत लिहिलेलं असायचं. खळीकर सरांना याचं फार अप्रूप. भाषणात म्हणायचे, ज्ञानाला कुंपण नको. चांगलं बोलायचे. ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा.

प्रोग्राम वापरणाऱ्यांना अडचणी यायच्या. त्यासाठी लिस्ट होती. मेलिंग लिस्ट. आमच्या कक्षात एक मोडेम होता. त्यावरून पुण्याच्या एका संगणकाला फोन जोडायचा, आलेले निरोप उतरवून घ्यायचे, आपले पाठवायचे. कुणीही लिस्टला प्रश्न पाठवला की तो लिस्टवरच्या सगळ्यांना जाई, आणि ज्याला उत्तर माहीत असे तो सगळ्यांदेखत उत्तर देई. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या लोकांकडे मोडेम होते. आमच्या जिल्ह्यात आमच्याशिवाय कुणाकडे नव्हता. मग बोरी, झरी, जिंतूर, गंगाखेडचे लोक पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायचे. मी ते संगणकावर टाइप करून लिस्टवर टाकायचो. उत्तरं आली की प्रश्नासकट छापून पाकिटातून त्या सगळ्यांना पाठवायचो. हेच माझं काम. लिस्ट सांभाळणं.

या कामात सरांनी एक नियम घालून दिला होता. प्रश्नापुरतं ठेवायचं, बाकी कापायचं. कुणी पावसापाण्याचं लिहिलं, कुणी थोरामोठ्यांना नमस्कार सांगितला, ते काढायचं. नियम चांगला होता. पण झरीच्या आडत दुकानदाराचं कार्ड 'शरणु शरणार्थ' या लिंगायत नमस्कारानं सुरू व्हायचं. ते एकदा मी कापलं, तर सर म्हणाले, "राहू द्या हो, जुनी माणसं आहेत, बरं वाटतं." वर 'श्री' असायचं, तेही राहायचं. 'जयभीम' असलं की सर त्या शब्दावर नुसतं बोट ठेवायचे. मी कापायचो.

पुढं पुढं बोट ठेवायचीही गरज उरली नाही.

त्या दिवशीचं कार्ड कापायचं राहिलं, कारण माझ्या हातात पडण्याआधी ते सरांनी ट्रेमधून उचललं होतं.

हसून झाल्यावर कामाचं बोलणं सुरू झालं. पुण्याचे पाहुणे म्हणाले की लिस्टवरच्या प्रश्नांचा दर्जा घसरत चाललाय, जाणकार माणसं कंटाळून निघून जातील. सरांनी मान हलवली. म्हणाले, दोन लिस्ट करू. एक मुख्य, दुसरी प्राथमिक. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दुसरी हे सांभाळतील. यांच्याच लोकांचे प्रश्न आहेत. यांना त्यांची भाषाही कळते."

मी म्हणालो, "हो सर."

इथं एक सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीतली घरं जळाली तेव्हा मी मॅट्रिकला होतो. आम्ही हायब्रीड ज्वारीच्या उभ्या रानात बसून राहिलो होतो. लहान भाऊ रडायला लागला तर आईनं त्याचं तोंड दाबलं आणि मला म्हणाली, "गप ऱ्हा. बोललास की दिसशील." ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. शाळेत, कॉलेजात, नोकरीत मी दिसलो नाही. हुशार म्हणून नाव झालं, सालस म्हणून नाव झालं. मी माणूस नव्हतो असं नाही. पण मी कुठं आहे हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

लिस्ट वेगळ्या करायचं काम माझ्याकडेच आलं. पत्त्यांची एक फाइल होती, तिच्या दोन करायच्या. मी सरांना विचारलं, प्राथमिकमध्ये कुणाला टाकायचं? म्हणाले, पोस्टकार्डवाले सगळे.

मी तसं केलं. फाइल दाखवली. त्यांनी जिंतूरच्या एका छापखानेवाल्याच्या नावावर पेन टेकवलं. "हे मुख्यमध्ये घ्या. मोठं घराणं आहे." या छापखानेवाल्याचा मागच्याच महिन्यातला प्रश्न होता की फ्लॉपी कुठल्या बाजूनं आत घालायची. मग झरीच्या आडत्याच्या नावावर पेन. "हेही." मग एका निवृत्त हेडमास्तरांच्या नावावर. "हे तर आमचे सोयरेच." असं करत करत दुसऱ्या फाइलीत जी नावं राहिली ती मी वर-खाली वाचली. आश्रमशाळेचा एक मास्तर. पंचायत समितीतला एक कारकून. गंगाखेडचा एक पारधी मुलगा, तालुक्यात पहिला बी.कॉम. झालेला. बोरीच्या सुमनबाई. आणखी काही आडनावं. माझं आडनाव त्यात घातलं असतं तर वेगळं उठून दिसलं नसतं.

फाइल जतन केली. जेवायला गेलो. जेवलो.

दुसऱ्या लिस्टवर काय व्हायचं? काही नाही. प्रश्न यायचे, आणि उत्तर देणारा मी एकटा. जाणकार सगळे पहिल्या लिस्टवर. मला जे येत होतं ते मी लिहायचो, जे येत नव्हतं ते पडून राहायचं. लिस्टचा सगळा जीव त्यात असतो की कुणीतरी कुठंतरी तोच घोळ आधी निस्तरलेला असतो. तोच माणूस समोर नसेल तर लिस्ट म्हणजे नुसती नावांची यादी.

सुमनबाईंचं दुसरं पान मला सुटत नव्हतं. मी त्यांना रिबीन बघायला सांगितलं, वायर बघायला सांगितलं. त्यांनी सगळं करून पुन्हा कार्ड टाकलं. शाळेच्या परीक्षेचे पेपर छापायचं काम त्यांना मिळायचं होतं, त्याआधी हे नीट व्हायला पाहिजे, असं त्यात होतं. आणि त्याच सुमारास मुख्य लिस्टवर नागपूरच्या एका प्राध्यापकानं अगदी हाच प्रश्न विचारला. मुंबईहून लगेच उत्तर आलं. प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ बदलायची होती. एक ओळ.

मी सरांना म्हणालो, हे दुसऱ्या लिस्टला पाठवतो. ते म्हणाले, "तसं नको. इकडचं तिकडं गेलं की गोंधळ होतो. तुम्ही सावकाश तुमच्या भाषेत लिहा, संस्थेच्या पुढच्या पत्रकात घालू."

मी तो कागद मुख्य लिस्टच्या बाकी कागदांबरोबर कक्षाच्या फळ्यावर टाचणीनं लावला. तसा रिवाज होता. माझ्या टेबलावर कोरी पोस्टकार्डं पडलेली होती. एक उचलून चार शब्द लिहून टाकता आले असते. कुणी धरलं नव्हतं मला. मी नाही लिहिलं.

मग त्या स्वतः आल्या.

सकाळच्या एस.टी.नं आल्या होत्या. चाळिशीच्या बाई, पांढऱ्या साडीला बारीक किनार, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळी केलेले कागद. दारातच म्हणाल्या, "मी बोरीची. टायपिंगचा क्लास हाय माझा. ते पोस्टकार्डाचं कोण बघतंय हितं?"

मी म्हणालो, मी. बसा म्हणालो. त्यांनी बसायच्या आधी कागद उलगडले. प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान स्वच्छ. दुसरं अर्ध्यात तुटलेलं. तेच पुन्हा, तेच पुन्हा. काम गेलं म्हणाल्या. शाळेनं जिंतूरच्या छापखान्याला दिलं. "त्याच्याकडं बी ह्योच प्रोग्राम हाय म्हनत्यात. त्याचं मशीन कसं काय चालायलंय?"

जिंतूरवाला मुख्य लिस्टवर होता. त्याला ती एक ओळ पोचली होती.

त्यांची नजर फळ्याकडे गेली. टायपिंगच्या बाई, इंग्रजी अक्षरं सरावाची. उठून जवळ गेल्या. बोट फिरवत फिरवत वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं.

"भाऊ, हे कवा आलं?"

"झाले काही दिवस."

"मंग आमाला कामून न्हाई आलं?"

आतून सर बाहेर आले. मी सांगितलं, बोरीच्या सुमनबाई. सर म्हणाले, "अरे वा, बसा, बसा. चहा सांगा यांना." आणि मग समजुतीनं, लहान मुलाला सांगावं तसं, "बाई, तुमची लिस्ट वेगळी आहे. तुमच्या सोयीसाठीच केलीय."

सुमनबाई सरांकडे वळल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सायब, बोरीत बी आमचा हापसा येगळा हाय. पर पानी त्याच जमिनीतलं येतंय. तुमी तर पानीच येगळं केलं."

सर हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई हुशार आहेत हो तुमच्या." आणि आत गेले.

'तुमच्या' हा शब्द खोलीत राहिला. सुमनबाईंनी मला निरखून बघितलं. विचारलं, "तुमच्या म्हंजे? आडनाव काय तुमचं?"

मी आडनाव सांगितलं.

त्यांनी कागद गोळा केले. एकेक. गुंडाळी केली. पिशवीत घातली. मग विचारलं, "आमची चिठ्ठी छापून परत यायची, तवा वरची वळ नसायची. ती तुमीच कापायचे व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, कुनी भाईरचा असंल."

एवढंच. चहा घेतला नाही. फळ्यावरची ती ओळ खराब झालेल्या प्रश्नपत्रिकेच्या मागं उतरवून घेतली आणि गेल्या.

आता लोक विचारतात की तेव्हा तुमच्या मनात काय आलं. काही आलं नाही. राग नाही, रडू नाही. मी खुर्चीत बसलो आणि संगणक चालू केला, रोज करतो तसा. पण एक गोष्ट कळली होती आणि ती फार साधी होती. मला कुणी कात्री हातात धरायला लावलं, हे खरं. पण कापत होता माझा हात. माझा हात थांबवायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मी दोन्ही फाइली उघडल्या. दुसरीतली सगळी नावं पहिलीत उतरवली. दुसरी पुसली. मग सुमनबाईंचं सरांनी वाचून दाखवलेलं ते कार्ड शोधून काढलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जसंच्या तसं टाइप केलं. खाली ती एक ओळ, उत्तर म्हणून. त्याखाली लिहिलं, 'आजपासून ही एकच लिस्ट आहे. कुणाचाही मजकूर कापला जाणार नाही. सप्रेम जयभीम.' आणि माझं नाव. पूर्ण, आडनावासकट. त्याआधी लिस्टवर मी नुसता 'सहायक, परभणी' असायचो.

मोडेम जोडला. निरोप गेला.

उत्तरं यायला लागली. पुण्याच्या पाहुण्यांनी लिहिलं, मला या लिस्टमधून वगळावे. औरंगाबादच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं, तांत्रिक व्यासपीठाचा दुरुपयोग. आणखी काहींनी नुसतं 'मलाही वगळावे.' मी वगळलं. जो जायचं म्हणतो त्याला जाऊ देणं हे लिस्ट सांभाळणाऱ्याचं कामच आहे. मुंबईच्या एका अनोळखी माणसानं लिहिलं, 'तिसऱ्या पानावर तोच त्रास होत असेल तर कळवा, आणखी एक उपाय आहे.' दुसरं काही नाही. त्याला त्या शब्दांत काही वावगं दिसलंच नव्हतं. तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला.

सरांनी बोलावलं तेव्हा जानेवारी लागला होता. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होणार, होणार म्हणत होते. स्टेशन रोडला पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, दुकानांची शटरं अर्धी खाली. सरांनी खिडकीकडे हात केला. "बाहेरचं वातावरण बघताय ना? आणि तुम्ही ते आत आणलंत."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मजकूर तयार होता. तांत्रिक चुकीमुळे दोन्ही लिस्ट एकत्र झाल्या, त्याबद्दल दिलगीर आहे. खाली माझं नाव टाइप केलेलं. फक्त लिस्टवर पाठवायचं.

मी म्हणालो, "चूक झाली नाही सर. मी केलंय."

"तुम्हाला इथं आम्ही बसवलं."

"जागा माझी होती सर. तुम्ही खुर्ची दाखवलीत."

मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्य होतं. भिंत बोलावी तसं. म्हणाले, "मशीन सरकारचं आहे. लिस्ट आजपासून बंद."

"मशीन सरकारचं आहे. प्रोग्राम सगळ्यांचा आहे. हे तुमच्याच भाषणात ऐकलंय मी."

कागद मी फाडला नाही. टेबलावर तसाच ठेवला. सही न करता.

कक्षाच्या किल्ल्या काढून घेतल्या. मला गोदामाकडे पाठवलं, पोत्यांच्या नोंदी ठेवायला. जायच्या आधी मी प्रोग्रामची फ्लॉपी करून घेतली, आतल्या कोडसकट. चोरून नाही. दोन सहकाऱ्यांसमोर. तो हक्क पहिल्याच फाइलीत लिहिलेला होता. तोवर मी तो सरांनी आम्हाला दिलेली भीक समजत होतो.

रविवारी बोरीला गेलो. सुमनबाईंना म्हणालो, लिस्ट टपालानं चालवू. तुमच्या संगणकावर. प्रश्न कार्डावर येतील, छापून सगळ्यांना जातील, उत्तरं पुन्हा सगळ्यांना. मोडेम नाही तर नाही.

त्यांनी मला पाणी दिलं. क्षमा केली असं मला वाटलं नाही, आणि त्यांनी ती केलीही नव्हती. म्हणाल्या, "बसा हितं. मशीन वापरा. पर टपाल मी उघडनार. तुमच्या हातात कात्री न्हाई द्याची."

मी बरं म्हणालो. आणि त्या जिवंत होत्या तोवर टपाल त्यांनीच उघडलं.

मी आज पन्नाशी ओलांडलीय. लिस्ट आता टपालानं नाही, मेलवर चालते. माणसं दूरदूरची आहेत, प्रोग्राम बदलला, संगणक बदलले. दर काही वर्षांनी कुणीतरी शिकलेला, सभ्य माणूस सुचवतो की नवशिक्यांची वेगळी लिस्ट काढू, त्यांच्याच सोयीसाठी. आवाज तोच असतो. समजुतीचा.

मी नाही म्हणतो. कारण देत नाही. कारण मागणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं.

प्रश्न सगळ्यांसमोर येईल. जसा लिहिला तसा. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्यानं गप्प बसावं. ज्याला तो प्रश्न डोळ्यांसमोर नको आहे त्यानं निघून जावं, मी त्याचं नाव त्याच दिवशी काढीन. पण मी कुणाला वेगळं बसवणार नाही. आणि पुन्हा कुणी बसवलं, तर मी बसणार नाही.